नवीन गिअरबॉक्स की नुसतं ऑइल? आधी चेंबर उघडून बघा

प्रश्न : नमस्कार दादा. आमची २०१५ ची पेट्रोल सेडान आहे, ऑटोमॅटिक, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. ९४ हजार किलोमीटर झालेत. सकाळी कासारवडवलीहून निघाले की मानपाड्यापर्यंत लोण्यासारखी चालते, पण कापूरबावडीच्या जाममध्ये अर्धा तास अडकली की मग नाटकं सुरू, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएमचा काटा साडेतीन हजारावर आणि गाडी जागच्या जागी, मग धाडकन गिअर पडतो. सोसायटीत पार्क करताना डी मधून आर मध्ये टाकलं की दोनतीन सेकंद काहीच होत नाही आणि मग झटका. सर्व्हिस सेंटरने एक चक्कर मारून थेट पूर्ण गिअरबॉक्स असेंब्लीचं एस्टिमेट दिलं, २ लाख ८५ हजार ५००, फोटो पाठवलाय. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो १२ हजारात ऑइल बदलून देतो, सगळं ठीक होईल. दीर म्हणतात विकून टाका, साडेतीन लाख येतील. ऑइल आम्ही कधीच बदललं नाही, लाइफटाइम आहे असं गाडी घेताना सांगितलं होतं. काय करू?
— एक वाचक ताई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका, निदान आठवडाभर तरी. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं काम झालंय, पण अख्ख्या पत्रात गाडीखाली जाऊन कुणी काय बघितलं याचा एक शब्द नाही, कारण कुणी बघितलंच नाही. एकाने चक्कर मारून पावणेतीन लाखांच्या वर आकडा सांगितला, दुसऱ्याने बोनेटही न उघडता १२ हजार.

थंड असताना नीट आणि तापल्यावर घसरते, यात खूप काही कळतं. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पडतो म्हणजे आत क्लचच्या चकत्यांचा जुडगा ऑइलच्या प्रेशरने दाबला जातो. तापलं की ऑइल पातळ होतं, आतल्या रबरी सील म्हाताऱ्या झाल्या असतील तर त्यांच्या कडेने गळायला लागतं, प्रेशर पुरत नाही, चकत्या घट्ट पकडत नाहीत, मग इंजिन फिरतंय आणि चाकाला खबर नाही. डी चं आर करताना जो उशीर होतो तोही तसाच, क्लचच्या मागची पोकळी भरायला वेळ लागतो. आता हे नुसतं ऑइल कमी झाल्यामुळे होऊ शकतं, व्हॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइलचं प्रेशर कुठे पाठवायचं ते ठरवणारा भाग) एखाद्या सोलेनॉइडमुळे (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) होऊ शकतं, आणि चकत्या जळून गेल्यामुळेही होऊ शकतं, ड्रायव्हर सीटवर तिन्ही अगदी सारखंच वाटतं, आणि खर्च मात्र काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कुठेही.

म्हणून आधी तीन कामं, आणि ती ऑटोमॅटिक खोलणाऱ्या माणसाकडेच करून घ्या, वागळे इस्टेटकडे किंवा तुर्भे एमआयडीसीत शोधलंत तर सापडेल. पहिलं, स्कॅनर. इंजिनचा नाही, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा वाचायला सांगा. नुसता पी ०७०० हा एरर कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी तक्रार आहे, खरी तक्रार आत असते. पी ०७३० आला तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाहीये म्हणजे कुठेतरी घसरतंय, पी ०७४१ आला तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला ऑइलवर चालणारा जोड) लॉकअपवर, म्हणजे तो जोड पक्का बांधणाऱ्या क्लचवर. दुसरं, ऑइलची लेव्हल. पुष्कळ नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते, गाडी सपाटीला, इंजिन चालू, ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, आणि मग खालचा लेव्हल प्लग काढून बघायचं, हे न करता कुणी "ऑइल फुल आहे मॅडम" म्हणाला तर समजा त्याने बघितलं नाही.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची परात, उतरवायचं आणि तेव्हा तुम्ही स्वतः तिथे उभं राहायचं. लाजू नका. थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर सांडायला सांगा. बहुतेक गाड्यांचं नवीन ऑइल लाल असतं, ९४ हजारात ते तपकिरी झालेलं असणारच, त्याला घाबरायचं नाही. पण वास घ्या, करपलेल्या फोडणीसारखा येत असेल तर क्लच जळालाय. चेंबरच्या तळाला लोहचुंबक चिकटवलेले असतात, त्यावर काजळासारखा करडा मऊ लेप बसलेला असतो, बोटाने पुसला की निघतो, तो सगळ्या गाड्यांना असतो, चालतं. नखाला टोचणारे चकचकीत कण निघाले, किंवा तळाला काळी कोळशाची भुकटी जमलेली दिसली, की मग ऑइल बदलून उपयोग नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतोय तर एकदा मीच गाढवपणा केलाय. वागळेला काम करायचो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या चेंबरमध्ये ही काळी भुकटी मला स्वतःला दिसली होती, पण तो इतका गयावया करायला लागला की बघा ना ऑइलवर काही होतंय का, लग्नाला जायचंय, मी नवीन ऑइल भरून दिलं. वीस दिवसांनी गाडी बायकापोरांसकट मुंब्रा बायपासला उभी, पुढे जाईना की मागे. शिव्या मला पडल्या आणि बरोबरच पडल्या. लोक म्हणतात ना, जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स मरतो, ती दंतकथा अशाच गाड्यांमधून आलीय, मरायला टेकलेल्या बॉक्समध्ये शेवटच्या दिवशी कुणीतरी ऑइल भरतो आणि नाव ऑइलचं होतं.

उलटंही झालंय. एक गाडी आमच्याकडे आली तिलाही पूर्ण बॉक्सचं एस्टिमेट मिळालेलं, आणि निघालं काय तर बाहेरच्या कनेक्टरमधून ऑइल झिरपून वायरिंगच्या पिनांवर बसलं होतं. कनेक्टर बदलला, लेव्हल केली, गाडी गेली.

तर चेंबर स्वच्छ निघालं आणि ऑइल कमी असेल तर गळती शोधा, सील बदला, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा. ऑइल काळपट आहे पण कण नाहीत, तर काढून भरायचं, आणि थोडं चालवून परत काढून भरायचं, दोनतीन वेळा, कारण एकदा काढलं की साधारण निम्मंच बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसलेलं असतं. मशीन लावून प्रेशरने फ्लश करतो म्हणाला तर या वयाच्या बॉक्सला मी नको म्हणेन. नंतर स्कॅनरने गिअर शिफ्टचं ॲडॅप्टेशन रिसेट करून घ्या, नाहीतर कॉम्प्युटर जुन्याच सवयीने गिअर टाकत राहतो. सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी निघाली तर बहुतेक गाड्यांत ती बॉक्स न उतरवता बदलता येते.

लाइफटाइम ऑइलचं म्हणाल तर लाइफटाइम कुणाचा हे कुणी सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी, स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, तीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. आणि ते काही कापूरबावडी बघून ठरवलेलं नाही.

आता वाईट निघालं तर. मी तरी तुमच्या गाडीला नवीन असेंब्ली टाकणार नाही. बॉक्स उतरवून ओव्हरहॉल करता येतो, चकत्या, स्टील प्लेटा, सगळ्या सील नव्या आणि टॉर्क कन्व्हर्टरही उघडून दुरुस्त, कामाला चांगला माणूस असेल आणि लेखी वॉरंटी देत असेल तर हाच माझा पहिला पर्याय. दुसरा पर्याय कुर्ल्याच्या भंगारातला वापरलेला बॉक्स, स्वस्त पडतो, पण बॉक्सवरचा कोड तुमच्या बॉक्सशी जुळायला हवा, आणि तो बुडालेल्या गाडीतला नाही याची खात्री करायला हवी, विक्रेता अर्थातच देवाशप्पथ सांगतो की डॉक्टरची गाडी होती. बसवायच्या आधी त्याचंही चेंबर उघडायला लावा. आणि कुठलाही बॉक्स टाका, ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुवून किंवा बदलून घ्याच, जुना कचरा तिथे बसलेला असतो आणि नव्या बॉक्सला तोच खातो. आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे त्यासाठी आरटीओची पायरी चढायला नको.

एस्टिमेटचा फोटो बघितला. पार्टची किंमत २ लाख आणि त्यावर २८ टक्के जीएसटी, म्हणजे कागद जुना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवर १८ टक्के आहे. काहीच न करता २० हजार कमी झाले बघा.

आणि दिरांना सांगा, साडेतीन लाख हे चालत्या गाडीचे. घेणारा एक चक्कर मारणार, कापूरबावडीला त्याच्या हातातही तुमची गाडी ओरडणार, मग तो बॉक्सचे पैसे कापूनच बोलणार. आरसी २०३० पर्यंत आहे, इंजिन आणि बॉडी धड असेल तर एवढ्याच पैशांत दुसऱ्याची अनोळखी ऑटोमॅटिक घेण्यापेक्षा स्वतःची दुरुस्त केलेली बरी. इंजिन ऑइल खातंय, सस्पेन्शन वाजतंय, एसी पण गेलाय असं असेल तर मात्र विका, आणि दोष सांगून विका. तोपर्यंत गायमुखचा चढ बंद, प्रत्येक वेळी घसरते तेव्हा आत थोडं जळतं.

प्रश्न : काका, माझी एएमटी हॅचबॅक आहे, ६१ हजार किमी, रोज खारघर ते महापे. सिग्नलला गिअर आपोआप एन वर जातो, चढावर जळका वास येतो. गॅरेजवाला म्हणतो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल.
— खारघर, नवी मुंबई

उत्तर : अरे, गॅरेज बदल. एएमटी म्हणजे आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त तुझ्या पायाचं आणि हाताचं काम ॲक्च्युएटर करतो. वास क्लच प्लेटचा आहे. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतोस ना? बहुतेक सगळेच धरतात. हँडब्रेक वापर. स्कॅनरवर क्लच किती झिजलाय ते बघायला सांग, बॅटरी आणि ब्रेकचा स्विच आधी तपासून घे, व्होल्टेज पडलं तरी हा एन वर जायचा खेळ होतो. क्लच सेट बदलला तर नंतर स्कॅनरने क्लच लर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख करून देणं, करायलाच हवं, ते विसरले तर नवीन प्लेट असूनही झटके देत बसेल.

प्रश्न : पावसात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी भरलं, सीव्हीटी (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) गाडी अर्ध्या चाकाच्या वर बुडाली. सुरू करून बघू का?
— नेरुळ

उत्तर : नाही! स्टार्टरला हातसुद्धा लावू नका, बॅटरीची वायर काढा. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत जातं, ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय, मग सीव्हीटीचंच ऑइल परत परत बदलून धुवायला लागेल, साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, त्यात चुकूनही नाही, पट्टा घसरेल. विम्यात इंजिन आणि गिअरबॉक्स प्रोटेक्टचं ॲड-ऑन आहे का बघा, आणि हलवायच्या आधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढून कंपनीला कळवा. न्यायला फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच, मागवा. पुढची चाकं जमिनीवर टेकवून दोरीने ओढत नेली तर उरलासुरला बॉक्सही वाटेतच जाईल.