मोम्बासाला निघालेल्यास

अनेक आशीर्वाद.

केनियातल्या मोम्बासात काय प्यावं आणि कुठे बसावं, असं तू विचारलंस. बरं केलंस. परदेशात पहिल्यांदा एकटी राहणारी मुलं या बाबतीत एक तर खोलीत दार लावून बसतात, नाहीतर एकदम सुटतात. तू दोन्ही करू नकोस. या शहरात जागा आणि वेळ बघून ग्लास हातात घेतला, तर लोक तुला आनंदाने आपल्यात बसवून घेतात.

जुन्या शहरात, म्हणजे फोर्ट जीझसच्या मागच्या गल्ल्यांत, दारूचा विषयच काढू नकोस. तो मशिदींचा, जुन्या स्वाहिली घरांचा भाग आहे. रमजानमध्ये तर दिवसा उघड्यावर पाणीसुद्धा पिऊ नये. पण संध्याकाळी तिथे कहावा मिळतो: निखाऱ्यावरच्या पितळी किटलीतून छोट्या, बिनकानाच्या कपात ओतलेली कडू, काळी कॉफी. सोबत काशाता घे, नारळाची किंवा शेंगदाण्याची वडी. घरांबाहेरच्या दगडी बाकांवर माणसं तासन्‌तास बोलत बसतात. शहर ओळखायचं तर सुरुवात इथून कर, बारमधून नव्हे. दिवसा उकाडा अंगावर येतो, तेव्हा शहाळं म्हणजे मदाफू, किंवा आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. उसाच्या रसात बर्फ नको म्हणून सांग. नळाचं पाणीही नको.

बिअर हवी असेल तर न्यालीकडे किंवा दक्षिणेला डियानीच्या किनाऱ्यावर जा. 2010 च्या केनियाच्या कायद्याने साध्या बारची वेळ आठवड्यात संध्याकाळी 5 ते रात्री 11 आणि शनिवार-रविवारी दुपारी 2 पासून अशी ठरवली, तेव्हा दुपारी बंद दार दिसलं तर नवल मानू नकोस. टस्कर ही तिथली घरची बिअर. 1922 मध्ये हर्स्ट बंधूंनी कंपनी काढली, पुढच्याच वर्षी त्यांच्यातला जॉर्ज शिकारीत हत्तीच्या हल्ल्यात गेला, आणि बिअरला सुळेवाल्या हत्तीचं नाव मिळालं. ऑर्डर देताना ‘बारिदी’ म्हण, म्हणजे गार. बऱ्याच केनियन लोकांना न गारवलेली बिअर आवडते, त्यामुळे न सांगता तीही पुढ्यात येऊ शकते. बाटली तुझ्यासमोर उघडली गेली पाहिजे, एवढा आग्रह धर; त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

दावा हे कॉकटेल नैरोबीच्या कार्निव्होर रेस्टॉरंटमुळे गाजलं आणि आता किनाऱ्यावर सगळीकडे मिळतं. सालीसकट लिंबू साखरेबरोबर चेचतात, वर व्होडका आणि बर्फ, आणि मधात बुडवलेली काडी. काडीने ढवळत जावं तसा मध उतरत जातो आणि पेय गोड होत जातं. इथेच जपून राहा: गोडीत व्होडका कळत नाही. कॅफेत हेच नाव घेतलंस तर मात्र आलं-लिंबू-मधाचा गरम काढा येईल. तोही चांगला असतो.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते म्हणजे म्नाझी. कोकणात आपल्याकडे माडी काढतात तीच ही. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायची, टोक रोज थोडं थोडं तासायचं, खाली भांडं टांगायचं आणि सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून रस उतरवायचा. किनाऱ्यामागच्या गावांतले मिजिकेंडा लोक, म्हणजे गिरियामा, डिगो वगैरे, लग्नात आणि मर्तिकात म्हातारी मंडळी बसली की म्नाझी मांडतात. ताजा रस गोड, किंचित फसफसणारा. ऊन चढत जातं तसा आंबतो, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावतो. म्हणून सकाळी उतरवलेली दुपारच्या आत प्यावी. म्नाझीच्या अड्ड्याला मांग्वे म्हणतात: झावळ्यांचं छप्पर, लाकडी बाकं. नळीने सावकाश पितात. एकट्याने जाऊ नकोस, ओळखीच्या स्थानिक सहकाऱ्याला म्हण, “मला घेऊन जा.” पहिला ग्लास वयाने मोठ्या माणसाला दे. आणि माडी काढणाऱ्याची फार स्तुती केली की तो माडीत पाणी घालतो, अशी स्वाहिलीत म्हणच आहे. तेव्हा कौतुक बेताने कर.

चांगाआ नावाची गावठी दारू मात्र कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घ्यायची नाही. तिच्यात मिथेनॉल गेलं की डोळे जातात, जीव जातो. केनियात असे मृत्यू पुन्हा पुन्हा झाले आहेत. या एका बाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही.

विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमधून बाटली नेणार असशील तर कापडी पिशवीत ने. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. पैसे बहुतेक ठिकाणी एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, चालतात, पण थोडे सुटे शिलिंग जवळ ठेव. डियानीला प्यायलास तर रात्र तिथेच काढ. दारू पिऊन अंधारात मोम्बासा बेटावर परतणाऱ्या लिकोनीच्या फेरीबोटीच्या गर्दीत शिरू नकोस, सकाळी ये.

राहायचं कुठे ते ठरलं की कळव. बेटावर की न्यालीत, त्यावर रात्री परतायला टुकटुक बरी की टॅक्सी, ते सांगतो.