दिल्लीच राजधानी का, आणि सात दिल्ल्या एकाच जागी का नाहीत?

तुमचा प्रश्न असा: राजधानी देशाच्या मधोमध हवी, मग नागपूर-भोपाळ सोडून उत्तरेला कडेला असलेली दिल्लीच का? आणि वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी वसवलेल्या शहरांना ‘सात दिल्ल्या’ म्हणतात, त्या एकाच जागी का वसल्या नाहीत?

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. बेळगावच्या सेंटरात ट्रेनिंग झालं आणि पुढं दिल्लीत बराच काळ पोस्टिंग होतं. सुट्टीच्या दिवशी मेहरौलीपासून काश्मिरी गेटापर्यंत ते शहर पायी फिरलोय. फौजी माणूस कुठल्याही मुलखात गेला की आधी बघतो, उंचवटा कुठं आणि पाणी कुठं. दिल्लीला ही दोन्ही उत्तरं लागू पडतात. जमिनीच्या घडणीनं राजधानीला त्या मुलखात धरून ठेवलं आणि पाण्यानं तिला तिथल्या तिथं फिरवलं.

आधी पहिला प्रश्न. नकाशा उघडून बसा. वर हिमालय, नैर्ऋत्येला राजस्थानचं वाळवंट आणि अरवली. पंजाबातून गंगा-यमुनेच्या खोऱ्यात उतरायचं तर या दोहोंच्या मधला सपाट पट्टाच काय तो उरतो. खैबर खिंडीतून आलेलं सैन्य असो की व्यापाऱ्यांचा तांडा, वाट हीच. पानिपत दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवर आहे. १५२६, १५५६ आणि १७६१ या तिन्ही लढाया तिथंच झाल्या, तो योगायोग नव्हता. आपल्याकडं गोव्यातून वर येणारा माल चोर्ल्यासारख्या घाटातून यायचा, आणि घाटमाथा ज्याचा त्याची जकात. दिल्ली हा तसाच घाटमाथा, फक्त चढण नसलेला. पाठीशी दुआबाची, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधली, गाळाची सुपीक जमीन, म्हणजे लष्कराला धान्याची ददात नाही.

आता मधोमध राजधानी नेण्याचं. हा विचार नवा नाही. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक यानं १३२७ मध्ये तेच केलं, राजधानी देवगिरीला नेली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. नकाशावर त्याचं काही चुकलं नव्हतं. राज्य दक्षिणेत पसरलं होतं आणि दख्खन सांभाळायची होती. पण दौलताबादेत बसून वायव्य सरहद्द आणि गंगेचं खोरं हाताळणं जमेना. काही वर्षांत कारभार परत दिल्लीला गेला आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहून दख्खन हातची गेली ती गेलीच. त्याला नुसतं वेडा म्हणून सोडून देतात ते मला पटत नाही. त्याच्या अडचणी खऱ्या होत्या.

आपलं बेळगावही एके काळी राजधानी होतं, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. रट्ट घराण्याच्या राजांनी सौंदत्तीहून बस्तान इकडं हलवलं. त्यांचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये किल्ला बांधला, आतली कमल बस्ती त्याच काळातली. पुढं हा मुलूख यादवांनी घेतला, म्हणजे त्याच देवगिरीवाल्यांनी.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा. अरवलीचं उत्तरेकडचं शेवटचं टोक दिल्लीत शिरतं आणि वझिराबादजवळ यमुनेला जाऊन भिडतं. तिथं त्याला रिज म्हणतात. बेळगावजवळचा येळ्ळूरगड चढलेल्या माणसाला ती टेकडीसुद्धा वाटणार नाही, पण भोवती सगळं सपाट असल्यावर तेवढी उंचीही पुष्कळ होते. १८५७ च्या उठावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रज याच उत्तर रिजवर तळ देऊन होते. काश्मिरी गेटाच्या विटांत तोफगोळ्यांचे खड्डे अजून आहेत, हात घालून बघता येतात.

सुरुवातीच्या दिल्ल्या दक्षिणेला, खडकावर वसल्या. तोमरांचा लाल कोट, मग चौहानांचा किल्ला राय पिथोरा, मग कुतुबमिनाराभोवतीची सुलतानांची दिल्ली. जागा बळकट, पण नदी लांब आणि खडकात विहीर लागणं मुश्कील. म्हणून तिथं जिकडं तिकडं तलाव आणि पायऱ्यांच्या विहिरी. मेहरौलीचा हौज-ए-शम्सी इल्तुतमिशनं बांधला. मंगोल दिल्लीच्या वेशीवर येऊन गेल्यावर अलाउद्दीन खिलजीनं सिरी वसवली आणि तिच्या पाण्यासाठी मोठा हौज खणला, तोच आजचा हौज खास. १३२१ मध्ये सुरू झालेला तुघलकाबादचा किल्ला बघा. भिंती अशा की तोफेलाही दाद देऊ नयेत, पण वस्ती थोडक्याच वर्षांत उठली. पाण्याची टंचाई हे त्याचं एक कारण नेहमी सांगतात.

मग शहर नदीकडं सरकलं. फिरोजशहा तुघलकानं १३५४ मध्ये फिरोजाबाद थेट यमुनेच्या काठावर वसवलं. हुमायूनचं दीनपनाह हे शहरही काठालाच. शाहजहाननं १६३९ मध्ये लाल किल्ल्याचं काम काढलं तेव्हा नदी त्याच्या भिंतीला लागून वाहत होती. तरी नुसत्या नदीवर भागलं नाही. फिरोजशहाच्या वेळचा यमुनेचा कालवा दुरुस्त करून, वाढवून शहरात आणला आणि त्याचं पाणी चांदणी चौकाच्या मधून खेळवलं. पुढं नदी पूर्वेला सरकली आणि किल्ल्याच्या मागं आज रिंग रोड आहे. जुलै २०२३ च्या पुरात जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ चा २०७.४९ चा उच्चांक मोडला आणि पाणी पुन्हा किल्ल्याच्या मागच्या भिंतीला टेकलं.

इंग्रजांनी १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवल्याचं जाहीर केलं. बंगालमधली चळवळ त्यांना जड जात होती, आणि दिल्लीच्या गादीचा मान त्यांना हवा होता. कोनशिला बसवली उत्तरेला, दरबाराच्या मैदानाकडं. पण ती जमीन सखल, पुराची आणि रोगट निघाली, म्हणून नवं शहर दक्षिणेला रायसीनाच्या टेकडीवर नेलं. म्हणजे शेवटची दिल्ली परत खडकावर चढली. इंडिया गेटाकडून त्या टेकडीकडं चालत जा. लांबून राष्ट्रपती भवन पुरतं दिसतं, विजय चौक जवळ आला की ते चढाआड बुडायला लागतं आणि शेवटी घुमट तेवढा उरतो. या चढावरून लट्येन्स आणि बेकर या दोन वास्तुविशारदांचं कायमचं बिनसलं.

मराठ्यांचा विषय निघाल्याशिवाय आपलं उत्तर पुरं होत नाही. १७७२ मध्ये मुघल बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं ते महादजी शिंद्यांच्या जोरावर, आणि १८०३ मध्ये दिल्ली आपल्या हातून गेली ती यमुनेपलीकडं इंग्रजांशी झालेल्या पटपडगंजच्या लढाईत. आज तिथं सगळ्या सोसायट्या आहेत. मी मुद्दाम जाऊन आलो, कारण आपल्या पाठ्यपुस्तकात पानिपत पानं भरून असतं आणि पटपडगंज एका ओळीत संपतं.

जाणार असाल तर बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते. ग्वाल्हेरनंतर खिडकीपाशी बसा. चंबळच्या घळी संपल्या की धौलपूर लागतं, नव्या दिल्लीचा दगड तिथला. शहर बघताना मेहरौली, हौज खास, फिरोजशहा कोटला, लाल किल्ला या क्रमानं दक्षिणेकडून उत्तरेला जा, म्हणजे वर सांगितलेलं सरकणं पायाखाली कळेल, आणि रायसीना शेवटी ठेवा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, ते बघून तिकीट काढा.