अमेरिकेतल्या आयोवा सिटीत गाडीशिवाय दोन वर्षं शिक्षण जमेल का?

जमेल, पण घर डाउनटाउनजवळ किंवा कॅम्बसच्या मार्गावर घ्या. आयोवा विद्यापीठाची ही बस सर्वांना मोफत आहे आणि आयोवा नदीच्या दोन्ही काठांना जोडते: पूर्वेला ओल्ड कॅपिटल (जुनी विधानभवनाची इमारत) व बहुतेक वर्ग, पश्चिमेला हॉस्पिटल आणि वैद्यकीय महाविद्यालय. मात्र सुट्ट्यांत तिच्या फेऱ्या कमी होतात, नेमकी जानेवारीत बर्फ असताना. मोठ्या किराण्याची दुकानं शेजारच्या कोरलव्हिल गावातही आहेत. सीडर रॅपिड्सचा विमानतळ साधारण 30 किलोमीटरवर. तिथे जायची सोय आधीच ठरवा. खरी अडचण वेगळीच: भाडेकरार बहुधा जुलैअखेर संपतो आणि नवा ऑगस्टमध्ये सुरू होतो. मधले काही दिवस सामानासकट बेघर! सही करण्यापूर्वी दोन्ही तारखा जुळवा.