नवोदय की सैनिक स्कूल? आधी पोराला घरी आणा

सर, माझे यजमान जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. मुलगा पाचवीत आहे. जूनपासून त्याला तालुक्याला नवोदय-सैनिक स्कूलच्या प्रवेशपरीक्षांच्या निवासी क्लासला ठेवलंय. नाव यांच्याच शाळेच्या पटावर आहे. सुरुवातीला सराव परीक्षेत ८५च्या पुढे असायचा, आता ६०वर आलाय. गौरी-गणपतीला दोन दिवस घरी आला तेव्हा डाव्या भुवईचे केस निम्मे गेलेले दिसले. क्लासचे सर म्हणतात, झोपेत खाजवत असेल. आता नवोदयवर जोर द्यावा की साताऱ्याच्या सैनिक स्कूलवर? यंदा हुकलं तर पाचवी पुन्हा करून परत बसवू, असं यांचं म्हणणं आहे. सोबत तीन उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवते.
– एक आई, नगर जिल्हा (पत्र संक्षिप्त)

ताई,

तुम्ही विचारलंय शाळेबद्दल. मी मात्र भुवईच्या ओळीपाशीच थांबलो. झोपेत खाजवून भुवई सहसा अर्धी होत नाही. ताण असह्य झाला की काही मुलं एकेक केस उपटत राहतात. त्यांना ते कळतही नाही, आणि कळलं तरी थांबवता येत नाही. तो नखरा नाही आणि वाईट सवयही नाही, म्हणून त्यावरून त्याला टोकू नका, हातावर चापट तर मुळीच नको. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील तर घाबरू नका आणि 'लोक काय म्हणतील' हा विचार तर दारातही आणू नका. तोवर कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, आणि तो तुम्हीही करू शकता.

आता ते तीन फोटो. मी ते मोठे करून, पेन्सिल घेऊन बसून पाहिले. नवोदयचा पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, वेळ दोन तास. पहिले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, मग २० अंकगणिताचे, शेवटी २० भाषेचे. जुलैच्या पेपरात सगळं नीट सोडवलेलं आहे, फक्त शेवटच्या दहा प्रश्नांना त्याने सरसकट दुसरा पर्याय रंगवलाय. ऑगस्टच्या पेपरात ६१व्या प्रश्नापासून तेच, म्हणजे मराठीचे उतारे त्याने वाचलेच नाहीत. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की ताटावरून उठायचा, असं तुम्हीच लिहिलेला हा मुलगा! आणि गणपतीनंतरच्या पेपरात ४१पासून ८०पर्यंत एका रेषेत दुसरा पर्याय. चाळीस काळी वर्तुळं, पट्टी लावल्यासारखी. त्याआधीच्या ४० प्रश्नांत मात्र ३८ बरोबर आहेत.

हिशोब करा. ३८ बरोबर आणि रंगवलेल्यांतले नशिबाने लागलेले दहा, एकेकाला सव्वा गुण. झाले ६०. क्लासने त्यावर लाल शाईने 'मेहनत कमी' असं लिहिलंय. अर्धाच पेपर सोडवून ६० गुण मिळवणाऱ्या पोराला! गणित जमत नाही म्हणून त्याचे गुण उतरलेले नाहीत. पेपर लवकरात लवकर मिटवून टाकायचा, एवढंच त्याने ठरवलंय, आणि दर महिन्याला तो थोडा आधी मिटवतोय. दहा वर्षांचं मूल 'मला इथं राहायचं नाही' हे आणखी कसं सांगणार? तोंडाने सांगायला रविवारी दहा मिनिटांचा फोन, तोही ऑफिसात सरांसमोर.

आणखी एक गोष्ट खटकली. तुमच्या चार पानांच्या पत्रात यजमानांचं म्हणणं आहे, क्लासच्या सरांचं आहे, जावेच्या मुलाची नवोदयला निवड झाली तेव्हा चौकात लागलेल्या फ्लेक्सचंही वर्णन आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. त्याला घरापासून लांब राहायचंय का, हे कुणी विचारलंय? नवोदयला निवड झाली तर बारावीपर्यंत सात वर्षं वसतिगृह. नववीत तर काही मुलांना वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात. चांगली योजना आहे, मी अनेकांना सांगतोही. पण जायचं कोणाला आहे?

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देतो. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ची, देशातली पहिली. तिथल्या सहावीच्या पेपरात ३००पैकी १५० गुण एकट्या गणिताचे, शिवाय वैद्यकीय तपासणी आणि फी. ज्या मुलाला ते शिस्तीचं जगणं मनापासून आवडतं त्याच्यासाठी उत्तम. तुमच्या मुलासाठी आत्ता नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा घरी राहून, शाळेतल्या अभ्यासावर देता येते, त्याच्या इयत्तेला ती असेल तर देऊ द्या.

आता पाचवी पुन्हा करायचं. ही कल्पना तुमच्या यजमानांची एकट्यांची नाही. निम्मे पालक मला हेच विचारतात आणि काही क्लासवाले ती उघड विकतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला मुलाला एकदाच बसता येतं. आधी बसलेला किंवा पाचवी आधीच करून झालेला विद्यार्थी पात्रच नाही. दुसऱ्या शाळेत नाव घातलं, दाखल्यात फेरफार केला, तरी तो बनावच, आणि कागदपत्रांच्या तपासणीत निघाला तर झालेला प्रवेशही जातो. पण नियम बाजूला ठेवा. आपले सगळे मित्र सहावीत गेलेत आणि आपण त्याच बाकावर आहोत, हे त्या पोराने वर्षभर कसं सोसायचं? शिवाय दार एकच नसतं. नवोदयमध्ये नववीत आणि अकरावीत रिकाम्या जागा भरतात, सैनिक स्कूललाही नववीत प्रवेश आहे. तेव्हा त्याला जावंसं वाटलं तर तोच तुमच्या मागे लागेल.

पुढचं यजमानांना वाचून दाखवा. गुरुजी, तुमचा मुलगा रोज तालुक्याला असतो आणि त्याची हजेरी तुम्ही तुमच्या वर्गात मांडता. नवोदयच्या अर्जावर 'हा विद्यार्थी आमच्याकडे पाचवीत शिकतो' असं मुख्याध्यापक सही करून देतात. ती सही तुमच्या मुख्याध्यापकांना करायला लावणार आहात? १९८६च्या शैक्षणिक धोरणाने ही विद्यालयं उभी केली (पहिल्या दोनांतलं एक आपल्या अमरावतीचं) ती खेड्यातल्या हुशार मुलांसाठी. किमान ७५ टक्के जागा आजही ग्रामीण मुलांना आहेत. ती जागा गावच्या शाळेत शिकूनच मिळवायची असते. तुमच्या वर्गातल्या बाकी तीसेक मुलांचे पालक बघतायत, की गुरुजींचा स्वतःचा मुलगा गुरुजींच्या शाळेत बसत नाही. त्यांनी कशाच्या भरवशावर पोरं तुमच्याकडे पाठवायची?

मला कडवट बोलायचं नव्हतं. तुमची धास्ती कळते. आपल्या जिल्ह्याच्या टाकळी ढोकेश्वरच्या नवोदयला वर्षाला ८० जागा, अर्ज हजारोंनी, आणि शिक्षकाच्या मुलाची निवड झाली नाही की स्टाफरूममध्ये काय बोललं जातं तेही मी ऐकलंय. पण ते बोलणं तुम्ही झेलायचं आहे, त्याने नाही.

म्हणून आता एवढंच करा. त्याला घरी आणा. नवोदयचा अर्ज भरलेला असेल तर परीक्षा देऊ द्या, पण त्याला द्यायची असेल तर. पाचवीच्या वर्गात बसून जे येतं तेवढ्यावर. संध्याकाळी अर्धा तास गणित, बाकी वेळ क्रिकेट, भांडणं, शेळीमागे पळणं, जे काय तो करायचा ते. महिनाभर घरात 'मार्क' हा शब्द काढू नका. दाखवायचं झालं तर भुवई डॉक्टरांना दाखवा, पाहुण्यांना नको.

शनिवारी यजमानांची शाळा सकाळची असते. दुपारच्या एसटीने दोघंही जा. क्लासवाले म्हणतील, 'एवढे तीन महिने थांबा, मुलगा निवडीच्या टप्प्यात आहे.' ऐकून घ्या. राहिलेल्या फीचे पैसे बहुतेक परत मिळणार नाहीत, त्यावरून त्याच्यासमोर वाद घालू नका. त्याची पेटी आणि गादीची वळकटी उचला, आणि रस्त्यात तो काही बोलला नाही तर बोलतं करायला जाऊ नका. खिडकीची जागा द्या.