सी मध्ये स्ट्रिंगच्या आत व्हेरिएबलची किंमत कशी घालायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पायथॉनच्या एफ-स्ट्रिंगसारखं (स्ट्रिंगमध्येच महिरपी कंसात नाव लिहिलं की किंमत बसते तसं) सीमध्ये काही आहे का, आणि "गुण: " + गुण असं लिहिल्यावर कचरा का छापला जातो.

एफ-स्ट्रिंगसारखं सीमध्ये काही नाही. सीचा कंपायलर अवतरणचिन्हांच्या आत व्हेरिएबलचं नाव शोधायला जातच नाही. आणि + मुळे स्ट्रिंग जोडली जात नाही. तिथे स्ट्रिंग म्हणजे पहिल्या बाइटचा पत्ता. गुण ८५ असतील तर पत्ता ८५ बाइट पुढे सरकतो आणि तिथे जे सापडेल ते छापलं जातं.

वापरायचं ते एसएनप्रिंटएफ हे फंक्शन, सी९९ या प्रमाणापासून प्रमाणित. ते मजकूर तयार करून बफरमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मेमरीत ठेवतं; %एसच्या जागी स्ट्रिंग आणि %डीच्या जागी पूर्णांक बसतो, आणि साइझऑफ बफरचं माप देतं. कोड रोमन अक्षरांतच लिहायचा, इथे फक्त उच्चार देतोय:

एसएनप्रिंटएफ(बफर, साइझऑफ(बफर), "%एस: %डी गुण", नाव, गुण);

साधं एसप्रिंटएफ टाळाच. त्याला बफर केवढा आहे हे कळत नाही, मजकूर लांबला की ते शेजारची मेमरी खराब करतं. एसएनप्रिंटएफ दिलेल्या मापातच थांबतं आणि शेवटचा शून्य बाइटही (स्ट्रिंग संपल्याची खूण) त्यातच बसवतं. ते परत देतं तो आकडा मात्र नीट बघा: पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते, शून्य बाइट सोडून. तो बफरच्या मापाइतका किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेलाय. ऋण असेल तर चूक झालीय. लांबी आधी माहीत नसेल तर बफरच्या जागी नल आणि मापाच्या जागी ० देऊन एकदा कॉल करा, आलेल्या आकड्यात १ मिळवून मॅलॉकने तेवढी मेमरी घ्या, मग खरा कॉल. बफर फंक्शनला पॉइंटर (नुसता पत्ता) म्हणून आला असेल तर साइझऑफ पॉइंटरचं माप देतं, ६४ बिटवर बहुधा ८. तिथे माप वेगळं पाठवावं लागतं.

%डी फक्त इंटसाठी. लाँग लाँगला %एलएलडी, साइझ-टीला (साइझऑफ देतं तो प्रकार) %झेडयू. चुकलं तर एरर येईलच असं नाही, म्हणून जीसीसी कंपायलरला -डब्ल्यूऑल द्या आणि वॉर्निंग वाचा. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर कधीही फॉरमॅटच्या (%एस, %डी असलेल्या स्ट्रिंगच्या) जागी ठेवू नका. त्यात % आला की नसलेल्या किमती वाचल्या जातात. "%एस" लिहून तो पुढे द्या.

मराठी मजकुरात आणखी एक घोळ होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रासुद्धा. "पुणे" म्हणजे १२ बाइट, शून्य धरून १३. %-१०एस ने (किमान १० रुंदी) रकाने जुळवायला गेलात तर रुंदी बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे पुढे एकही स्पेस पडत नाही. %.१०एस (जास्तीत जास्त १० बाइट) लावलं तर "पुण" आणि शेवटच्या मात्रेचा अर्धवट एक बाइट उरतो, पडद्यावर � दिसतो. म्हणून मराठी नावांसाठी बफर अक्षरं मोजून ठरवू नका, स्ट्रलेनने बाइट मोजा.