आजीची गोधडी जागोजागी विरली आहे. घरी दुरुस्त करता येईल का? सुई-दोरा कोणता घ्यावा?

नक्की येईल, आणि कृपा करून टाकून देऊ नका. आधी कापड तपासा. चिमटीत धरून हलकेच ओढल्यावर टर्रकन फाटत असेल, तर त्यावर ठिगळ टिकणार नाही. अशी गोधडी जशीच्या तशी मधला थर म्हणून ठेवा आणि दोन्ही बाजूंनी जुनं, मऊ सुती लुगडं लावून नव्याने शिवा. आजीचे टाके आत शाबूत राहतात, म्हणून मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो.

कापडात जीव असेल तर ठिगळ पुरे. ते भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं कापा, कडा आत दुमडा. कोरं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटून चुण्या पडतात.

दाभण नको, जुन्या सुती कापडाला मोठी भोकं पडतात. लांब, मजबूत सुई, बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) आणि जाड सुती दोरा घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही, ताण आला की कापडच फाटतं. नव्याने शिवताना सगळे थर जमिनीवर ताणून पसरा, लांब कच्चे टाके घालून पक्के करा आणि मगच कडेपासून आत, चौकोनात फिरत धावदोरा घाला. इथे घाई केलीत तर मध्ये फुगा येतो आणि सगळं उसवावं लागतं.

धुणं दुरुस्तीनंतरच. टबात, सौम्य साबणाने, न पिळता. वाळवताना दोरीवर टांगू नका, ओल्या गोधडीचं वजन टाक्यांवर येतं. खाटेवर सावलीत पसरा.