दोन रुपयांचं नाणं चुंबकाला का चिकटलं?

प्रश्न : भाजीबाजारात सुट्ट्या पैशांत १९९८ चं दोन रुपयांचं नाणं आलं. भारताचा नकाशा, झेंडा सगळं आहे, पण कोपरे बोथट आणि काठाजवळची अक्षरं पुसट. चुंबकाला चटकन चिकटतं. सराफाच्या काट्यावर वजन ४.८४ ग्रॅम भरलं. न कापता धातू कळेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कापायचं नावसुद्धा काढू नका! अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. १९९२ ते २००४ मधलं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलचं. वजन ६ ग्रॅम, रुंदी २६ मिलिमीटर. त्याला चुंबक लागत नाही. त्याच काळातला एक रुपया मात्र चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे ८३ टक्के लोखंड नि १७ टक्के क्रोमियम, वजन ४.८५ ग्रॅम, रुंदी २५ मिलिमीटर. माझा कयास असा, की रुपयाची कोरी चकती टाकसाळीत दोन रुपयांच्या ठशाखाली गेली. चकती लहान, त्यात स्टील कठीण; धातू कोपऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. मला तर हे बोथट कोपरे वजनाइतकेच बोलके वाटतात.

तरी एकट्या चुंबकावर विसंबू नका. निकेलही चुंबकाला चिकटतं. १९५० चा रुपया निकेलचाच होता. मी ३१ वर्षं फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत काढली, तिथली साधी रीत सांगतो. सराफाच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. हवेचे बुडबुडे झटका. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. काटा ०.६३ ग्रॅमच्या आसपास दाखवील तर घनता ७.७ येते, म्हणजे स्टील. ०.५४ दाखवला तर घनता ८.९ : तांबं-निकेल किंवा नुसतं निकेल. नाणं कोणी घासून हलकं केलं असलं तरी घनता बदलत नाही, म्हणून या परीक्षेवर माझा भरवसा.

सराफाचं कॅरेट तपासायचं यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, मुलामा असेल तर फसवतं.

आणि चिंच, लिंबू, राख काही लावू नका. चांदीचा एक जुना रुपया मी चिंचेने उजळला होता; त्यावरची मूळ झळाळी गेली ती गेलीच. पाण्यातला आकडा नि सालाखालच्या खुणेचा फोटो कळवा. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं.